पहाऱ्याची वीणा

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम असतो. त्याचे अखंडपण मात्र पहाऱ्यावर अवलंबून असते. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही. ती पुढच्याच्या गळ्यात घालताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. तिथे वय आणि मान आड येत नाही. रात्री २ वाजता मंडपात मोजकेच पहारेकरी जागे असतात. तो निवांतपणा गावाने दिलेला असतो, कारण पाळी संपताच दुसरा येईल हा भरवसा असतो. तरुण शहरात गेलेल्या गावात काल्याच्या कीर्तनाला गर्दी जमते. रात्रीच्या पाळीला माणूस मिळणे अवघड होते. सप्ताह टिकायचा तर आधी पहाऱ्याची यादी भरली पाहिजे.