पेढीवरचे अभयदान

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात असलेले अणदूर हे गाव खंडोबाचे ठाणे म्हणून सर्वपरिचित आहे. या गावाला आणखी एक ओळख मिळाली ती हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेमुळे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने येथे आरोग्यकार्य उभे केले. गावोगावच्या अल्पशिक्षित स्त्रियांना प्राथमिक उपचारांचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून घडविले गेले.

या भारतवैद्यांच्या कामातला एक धडा व्यापारी घरांनीही घ्यावा असा आहे. कोणते दुखणे आपल्या आवाक्यातले आणि कोणता रुग्ण तातडीने डॉक्टरांकडे धाडावयाचा, याचा निर्णय गावात एकटीने काम करणाऱ्या स्त्रीला घ्यावा लागतो. ‘हे मला कळत नाही’ असे वेळेवर म्हणणे हा तिच्या कामाचाच भाग होय. ते म्हणण्याची तिला भीती वाटू लागली, तर किंमत रुग्णाला मोजावी लागेल.

चुकांचे उलटे गणित

अमेरिकेतील अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. जेथे परिचारिकांचा आपसांत मेळ चांगला, तेथे चुका कमी होत असतील, अशी अपेक्षा होती. आकडे मात्र उलटे निघाले. चांगल्या गटांत चुकांची नोंद अधिक होती! याचा उलगडा असा की, तेथे चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. धाकाच्या विभागांत त्या झाकल्या जात. पुढे १९९९ साली त्यांनी कामाच्या गटातील या निर्भयतेची ‘मानसिक सुरक्षितता’ या नावाने मांडणी केली.

आपल्या पेढीला हेच गणित लावून पाहावे. ‘आमच्या दुकानात कोणी चुकत नाही’ असे मालक अभिमानाने सांगतो, तेव्हा तेथे खरोखर कोणी चुकत नाही, की कोणी सांगत नाही? वजनात गफलत झाली, मालाला ओल लागली, विवरणपत्राची मुदत टळली, तर ही वार्ता पहिल्या दिवशी कळल्यास तोटा थोडा असतो. गिऱ्हाइकांसमोर होणाऱ्या पाणउताऱ्याच्या भयाने नोकराने ती महिनाभर दडविली, की तोच तोटा वाढत जातो. मालकाचा राग त्या दिवशी चूक थांबवीत नाही. पुढची चूक मात्र लपवितो.

वडील आणि मालक

व्यापारी कुटुंबात हा प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण येथे गादीवर बसलेला मालक घरी वडील किंवा काका असतो. एखाद्या तरुण मुलाने ओळखीवर उधारी दिली आणि ती अडकली. वडिलांना कसे सांगावे, म्हणून तो दुसऱ्याकडून उसने घेऊन वहीतला आकडा जुळवितो. मग ते फेडण्यासाठी तिसऱ्याकडे जातो. दुकानातला हा ताण रात्री जेवणाच्या ताटापर्यंत येतो. मुलगा अबोल होतो, झोप उडते, सुनेलाही काही कळेनासे होते. रक्कम कदाचित भरून निघते. पण ‘माझ्या वडिलांपेक्षा मला सावकार जवळचा वाटला’ ही खंत सहज भरून निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतेच्या विकारांमुळे जगात दरवर्षी कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस वाया जातात. त्यांतले काही दिवस आपल्याच गादीवरचे असू शकतात.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, चूक सांगावयास आलेल्याला प्रथम ‘बरे झाले सांगितलेस’ असे म्हणावे; हिशेब त्यानंतर विचारावा. याचा अर्थ अफरातफर पोटात घालावी असा नव्हे. अनवधानाने झालेली चूक आणि हेतुतः केलेली लबाडी यांत भेद करणे, हेच मालकाचे शहाणपण.

दुसरी, समज द्यावयाची ती एकांतात द्यावी. कौतुक मात्र चारचौघांत करावे.

तिसरी, पगार, सुट्टी, कामाच्या वेळा आणि घरातील भावाभावांच्या जबाबदाऱ्या लेखी असाव्यात. याचा पाठ अणदूरच देते. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. ती वर्षाचा बहुतांश काळ अणदूरला आणि उरलेला काळ नळदुर्गला असते. मूर्ती नेताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. जेथे श्रद्धा इतकी उत्कट, तेथेही गोष्ट केवळ तोंडी ठेवलेली नाही. स्पष्ट शब्द हे अविश्वासाचे लक्षण नसून नाते टिकविण्याचे साधन आहेत.

चौथी, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे आणि मालकाने स्वतःच्या एका चुकीपासून आरंभ करावा. वरच्याने तोंड उघडल्याशिवाय खालचा उघडत नाही.

पाचवी, कोणी सतत खिन्न वा बेचैन दिसत असेल, तर उपदेशापेक्षा विचारपूस करावी आणि गरज भासल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी आपण आप्तेष्टांसमोर हात जोडतो. तेच हात त्या दिवशी मुनीमासमोर, हमालासमोर, दुकान झाडणाऱ्या बाईसमोरही जोडले जातात का? सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुक्या जीवांसाठी ते आपण आनंदाने देतो. आपल्या पेढीवर सकाळी भीतभीत पाऊल टाकणाऱ्या माणसालाही त्यातला वाटा मिळावयास हवा.