संगणकाचे वाचन आणि आपली आडनावे

जुन्या दाखल्याचा स्कॅन संगणकावर उघडला की आपल्याला अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते नुसते चित्र असते, पांढऱ्यावर पडलेले काळे ठिपके. म्हणून अशा कागदात एखादे नाव शोधू गेल्यास ते डोळ्यांपुढे असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर येते.

ही अडचण दूर करण्यासाठी हल्ली अनेक आज्ञावल्या स्कॅन उघडताक्षणीच, आपण न सांगता, त्यातील अक्षरे ओळखू लागतात. गूगल ड्राइव्हवर ठेवलेला स्कॅन गूगल डॉक्समध्ये उघडला तर त्यातला मजकूर टाइप होऊन येतो. काही आज्ञावल्या चित्र तसेच ठेवतात व त्याच्यामागे ओळखलेल्या शब्दांचा एक अदृश्य थर बसवितात. शोध चालतो तो या थरात, चित्रात नव्हे. हा भेद नीट लक्षात ठेवावयास हवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच होतो.

यंत्राने वाचण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी १९७६ साली अंधांसाठी छापील मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र लोकांपुढे आणले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडलेली ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली २००५ मध्ये सर्वांना खुली झाली. आज ती मराठीही वाचते.

इंग्रजी छपाईत प्रत्येक अक्षर सुटे असते. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी! शिवाय वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. जुन्या पद्धतीत शिरोरेषा पुसून अक्षरे वेगळी करीत व मग एकेक ओळखीत. नव्या पद्धतीत यंत्र पुष्कळ छापील मजकुरावर शिकते आणि अख्खी ओळ एकदम वाचते. कोणत्या अक्षरामागून बहुधा कोणते येते, हेही ते शिकलेले असते. त्यामुळे अक्षर पुसट असले की ते ओळखीच्या शब्दाकडे झुकते.

आपल्या नवापूरकडच्या माणसांची पंचाईत नेमकी इथेच होते. मी आपल्या भागातील काही आडनावे छापली, झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून प्रत पुसट केली आणि ती स्कॅन करून उघडली. ‘गावित’ बरोबर आले. ‘वसावे’चे मात्र ‘बसावे’ झाले. ब आणि व यांत फरक एका तिरप्या रेघेचा. त्यातून ‘बसावे’ हा शब्द यंत्राने हजारदा पाहिलेला असणार. आणि ‘बसावे’ हे शुद्ध मराठी असल्याने वाचणाऱ्यालाही संशय येत नाही. छापील अक्षरांची ही कथा, तर शाळेच्या जुन्या रजिस्टरातील शाईच्या हस्ताक्षरांबद्दल काय बोलावे? मोडीची गोष्ट तर दूरच. त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच २०१४ साली.

हा केवळ गमतीचा विषय नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्याची पडताळणी होते तेव्हा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या पुराव्याला मोठे वजन असते. आजोबा-पणजोबांच्या नावाची शाळेतली किंवा जमिनीच्या कागदातली एक ओळ मिळाली तर मुलाची शिष्यवृत्ती, प्रवेश, पुढे नोकरी, सारे सुकर होते. अशा वेळी पडद्यावर ‘सापडले नाही’ आले की ‘नोंदच नाही’ असे समजून माणूस घरी परततो. ज्या घरात कागद वाचणारे आपणच पहिले, तिथे ‘पुन्हा बघ’ म्हणणारे दुसरे कोण असणार?

म्हणून काही गोष्टी अवश्य कराव्यात. पान सरळ ठेवून स्वच्छ स्कॅन करावे. भाषा निवडण्याची सोय असेल तर मराठी निवडावी. इंग्रजी राहिली तर रोमन अक्षरांची रास हाती येते. ‘वसावे’ न मिळाल्यास ‘बसावे’ शोधावे, किंवा नुसते ‘सावे’. गावाचे नाव ‘नवापुर’ असे ऱ्हस्व लिहूनही पाहावे, कारण जुने लेखनिक आजचे नियम पाळीत नसत. जिल्हा शोधताना ‘नंदुरबार’वर थांबू नये. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधीच्या कागदांत धुळे असेल, त्याहून जुन्यांत पश्चिम खानदेश. टाइप होऊन आलेला मजकूर कुठेही जोडण्यापूर्वी मूळ चित्राशी ताडून घ्यावा.

एवढे करूनही नाव मिळाले नाही, तर शोधाची चौकट बंद करून पहिल्या पानापासून डोळ्यांनी वाचत जावे. शंभर पानांच्या रजिस्टराला एक दुपार पुरते.