येडं, पागल आणि मेंटल

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीत एखाद्याला वेडा म्हणायला शब्दांची टंचाई नाही. घरातलं ‘येडं’, दखनीच्या शेजारानं आलेलं ‘पागल’, पोरांच्या तोंडचं ‘क्रॅक’ आणि या सगळ्यांना मागं सारणारं ‘मेंटल’. ‘लई मेंटल हाय त्यो,’ एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. माझी हरकत आहे ती याच गोष्टीला.

इंग्रजीत ‘मेंटल’ हे विशेषण मुळात निरुपद्रवी. मनासंबंधीचं, एवढाच अर्थ. मनोरुग्ण आणि मनोरुग्णालय यांच्या इंग्रजी नावांचा पहिला तुकडा तोडून विसाव्या शतकातल्या बोलभाषेनं त्याची शिवी केली. आपल्याकडेही ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव रुळलेलं होतंच. महाराष्ट्रात अशी चार जुनी सरकारी रुग्णालयं आहेत: नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा. मुंबईकडे ‘ठाण्याला पाठवा’, पुण्यात ‘येरवड्याला न्या’ हे टोमणे त्यातूनच आले. चारही ठिकाणी मिळून मंजूर खाटा ५६९५, पण यातलं एकही मराठवाड्यात नाही. हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि इंग्रजांनी बांधलेली रुग्णालयं इंग्रजांच्या मुलखात. आपल्याकडे रुग्णालयाच्या आधी त्याची शिवी पोचली.

जुन्या मराठीत वेडाला मान होता. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, म्हणजे चक्रधरस्वामींचे गुरू, यांना लोक वेडे, पिसे म्हणत. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहिताना ते वागणं झाकलं नाही. देवाचं पिसं, नादाचं वेड, बहिणीची वेडी माया असं आपण आजही म्हणतो. ‘मेंटल’मध्ये ही माया नाही.

आणि हा शब्द लागतो कुणालाही. तापट दुकानदाराला, कबुतरांपायी जेवण विसरणाऱ्या छांदिष्टाला आणि खरोखर आजारी असलेल्या पोरालाही. पहिल्या दोघांचं काही बिघडत नाही, बिघडतं ते तिसऱ्याचं. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, घरच्यांवर संशय येतो, अंघोळ सुटते. औषधं आहेत, आणि ती लवकर सुरू झाली तर गुण जास्त. पण लेकाला गावानं ‘मेंटल’ म्हणू नये, लेकीचं जमलेलं लग्न मोडू नये, म्हणून घर गप्प बसतं. ‘बाहेरचं’ समजून देवर्ष्याकडे धावतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

कायद्याची स्वतःची भाषाही सावकाश सुधारली. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड होतं. १९८७ मध्ये ते गेलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आजार आणि माणूस वेगळे केले: ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटात (२००४) हेच दिसतं. तिथला शेष आजारी आहे, पण त्याआधी तो कुणाचा तरी भाऊ आहे.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त हिंगोली जिल्हा होता, मनाच्या दुखण्याची चौकशी करायला आशाताई घराघरांत गेल्या. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येतं. तिथं किंवा डॉक्टरांपुढं ‘आमचं पोरगं मेंटल झालंय’ असं सांगून काहीच कळत नाही. किती दिवस झोप नाही, जेवतो का, कुणाशी बोलतो, एकटाच हसतो का, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला का, आणि हे केव्हापासून, ते सांगावं.