नम्रता, कृपा आणि आज्ञाधारकता : पंडिता रमाबाईंच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

ख्रिस्ती जीवनात नम्रतेला मध्यवर्ती स्थान आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात देवाच्या कृपेचा संबंध थेट नम्रतेशी जोडलेला आढळतो. मात्र या संबंधातून दोन प्रश्न उद्भवतात. कृपा ही विनामूल्य देणगी असेल, तर नम्रता ही तिची अट कशी असू शकेल? आणि देवापुढे नम्र होणे म्हणजे त्याच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यापुढे निमूट राहणे होय काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनाच्या आधारे केला आहे.

नम्रता : अट की रिकामी ओंजळ?

भारतीय वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. श्रीवैष्णव परंपरेत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष मानले जातात. माकडाचे पिलू आईला स्वतः बिलगून राहते, तर मांजरीचे पिलू काहीच करीत नाही; आईच त्याला तोंडात धरून नेते. ईश्वरकृपेत मानवी प्रयत्नाचा वाटा किती, हा त्यामागील वाद आहे. ख्रिस्ती धर्मविचारात जवळपास असाच वाद पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेगियस आणि संत ऑगस्टीन यांच्यात झाला. मनुष्याची इच्छाशक्ती सदाचरणास समर्थ आहे, यावर पेलेगियसचा भर होता. तर देवाकडे वळण्याची इच्छा हीच मुळी कृपेचे फळ होय, असे ऑगस्टीनचे प्रतिपादन होते. इ.स. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलेगियसची मते अमान्य केली.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला या संदर्भात उद्बोधक आहे. परूशी खरोखरच उपास करतो, दशांश देतो. त्याचे कथन खोटे नाही. परंतु त्याची ओंजळ स्वतःच्या पुण्याने भरलेली असल्याने तीत काही घेण्यास जागा उरत नाही. जकातदाराजवळ दाखविण्यासारखे काही नाही. तो केवळ दया मागतो. येथे नम्रता ही कृपेची किंमत नाही, तर ती स्वीकारण्यास मोकळी असलेली ओंजळ आहे. जकातदाराने आपल्या नम्रतेचीच गणना पुण्यात केली असती, तर तोही परूशीच झाला असता.

रमाबाईंचा अनुभव

१८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधींनी गौरविले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म गवसला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, तारण हे विद्वत्तेने, विधींनी वा सत्कार्यांनी मिळवावयाचे नसून देणगी म्हणून घ्यावयाचे आहे, याची जाणीव त्यांना झाली. १८८९ मध्ये शारदा सदन स्थापन करून त्या विधवांच्या शिक्षणाचे कार्य करीत होत्या, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. विद्वत्ता आणि सेवा या दोन्ही गोष्टी पदरी असताना रिक्त हस्ताने उभे राहणे, हे त्यांच्या नम्रतेचे स्वरूप होय.

नम्रता आणि निमूटपणा

याच रमाबाईंवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी अहंकाराचा ठपका ठेवला होता. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंनी शंका उपस्थित केल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे मत भारतातील बिशपांनी दिले, तेव्हा त्यांनी त्याचा प्रतिवाद केला. १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा आग्रह स्पष्ट दिसतो.

जी स्त्री देवापुढे पूर्णतः रिक्त झाली, तिनेच धर्माधिकाऱ्यांपुढे मान तुकविली नाही, यात विसंगती नाही. जे आपल्याला विनामूल्य मिळाले आहे, ते टिकविण्यासाठी माणसांची मर्जी सांभाळावी लागत नाही. याउलट, परंपरेने ज्यांच्यावर हीनत्व लादले, अशा स्त्रिया आणि दलित यांना नम्रतेचा उपदेश करताना आत्मावमान हाच सद्गुण म्हणून शिकविला जाण्याचा धोका असतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील ख्रिस्ताची नम्रता ही वरच्या स्थानावरून स्वेच्छेने खाली उतरण्याची आहे. खालच्याला खालीच ठेवण्याचा तो आधार नव्हे.

समारोप

कृपेचा स्वीकार कृतीतही दिसून येतो. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो स्त्रिया आणि मुली केडगाव येथे आणल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रकाशित झाले. ‘सरस्वती’ या उपाधीस पात्र ठरलेल्या विदुषीने अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी भाषा जाणीवपूर्वक निवडावी, हे नम्रतेचे बोलके उदाहरण म्हणता येईल. सारांश, ख्रिस्ती अर्थाने नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे नव्हे, तर आपण जे आहोत ते दानरूपाने लाभले आहे, हे ओळखून ते इतरांपर्यंत पोहोचविणे होय.