मोडीतल्या पिंपाची न्हाणीची चूल

मोडीतले लोखंड सर्वच टाकाऊ नसते, हे बेळगावकरांना निराळे सांगावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावी सायकलचे दुकान काढले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. पुढे पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफेचा नांगर होतो, तर पिंपाची चूल का होऊ नये? कॅम्पातल्या कौलारू घरांतून पौषातल्या पहाटे कढत पाण्याचे मोल काय असते, ते आपण सर्व जाणतोच.

प्रथम हिशेब पाहू. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास ८०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ३,५०० असतात. म्हणजे पाव किलो जळण पुरावे. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीत दीड-दोन किलो सहज जाते. बाकीची उष्णता वाऱ्यावर जाते.

याचे कारण असे. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात, आणि पुष्कळशी उष्णता त्या वायूंच्या ज्वालेतच असते. ज्वाला पुरती जळण्याआधीच गार भांड्याला भिडली की काजळी व धूर होतो. तिला कोंडलेली तप्त जागा, खालून हवा आणि वरून ओढ हवी.

दोनशे लिटरचे जुने पिंप घ्यावे. समोर खाली वीतभर चौरस तोंड पाडावे व त्याखाली राखेसाठी लहान खिडकी ठेवावी. मध्ये जुन्या बिडाची जाळी बसवावी. आतून भट्टीच्या विटा मातीत लावाव्या. हंडा वरून असा बसवावा की त्याचा बूड जाळीपासून वीतभर उंच राहील, भोवती दोन बोटे फट राहील आणि काठाशी झाकण घट्ट बसेल. मागे वरच्या बाजूस चार इंची धुराडे जोडून ते कौलांच्या आढ्यावर दोन फूट न्यावे. विटांचे काम आठवडाभर बारीक जाळावर सुकवावे. घाई केल्यास तडे जातात.

आता चार गोष्टी, ज्यांत हयगय केल्यास जीवावर बेतते. तेलाचे वा रॉकेलचे पिंप गॅसने कापू नये; रिकाम्या पिंपातल्या वाफेचाही भडका उडतो. ज्यात औषधे वा रसायने होती, ते पिंप घेऊच नये. धुराड्यास ॲस्बेस्टॉसची जुनी नळी वापरू नये; तिची धूळ फुप्फुसांस घातक आहे. हंड्याचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये, वाफ कोंडून तो फुटेल.

आणि चूल न्हाणीच्या आत नको, बाहेरच्या पडवीत असावी. विझत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास ना रंग, ना वास. दार लावून स्नान करणाऱ्यास तो कळण्यापूर्वीच गुंगी येते.

जळण वर्षभर आडोशाला वाळवावे. ओले लाकूड आपली उष्णता स्वतःचेच पाणी आटविण्यात घालविते. धुराड्यातून धूर दिसेनासा झाला, की समजावे, चूल साधली. आणि घरच्या माउलीचे डोळे वाचले.