रांगेत अडकलेला सर्व्हर

1 ऑक्टोबर 2013 रोजी अमेरिकेत ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याचा डोलारा त्याच्यावर उभा होता. पहिल्याच दिवशी लाखो लोक तिथे धडकले. त्यातल्या किती जणांची विम्यासाठी नोंदणी पूर्ण झाली? सहा. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या समितीने उघड केलेल्या टिपणांतून हा आकडा बाहेर आला आणि विरोधकांनी तो बराच काळ पुरवून वापरला.

आपल्याकडे बँकेच्या खिडकीवर किंवा रेशन दुकानात ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढं ऐकलं की विषय संपतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो चालू असतो आणि कशाची तरी वाट बघत असतो: डेटाबेसच्या उत्तराची, डिस्कची, दुसऱ्या एखाद्या सर्व्हरची. या वाट बघण्याचं गणित वेबपेक्षा ऐंशी वर्षांनी जुनं आहे.

आग्नर क्रारूप एरलांग हा डॅनिश गणिती 1908 मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. एक्स्चेंजला किती तारा जोडल्या म्हणजे ग्राहकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा कंपनीचा रोकडा प्रश्न होता. कमी जोडल्या तर तक्रारी, जास्त जोडल्या तर तांब्याचा खर्च. एरलांग नुसता कागदावरचा गणिती नव्हता. मोजमापं घ्यायला तो रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरायचा आणि शिडी घेतलेला एक कामगार त्याच्या मागे मागे असायचा. फोन ठरावीक अंतराने येत नाहीत, कधी लागोपाठ चार येतात तर कधी बराच वेळ शुकशुकाट असतो. या बेशिस्तीलाही नियम आहे, हे त्याने 1909 मध्ये दाखवलं आणि 1917 मध्ये तारांची संख्या काढायची सूत्रं दिली.

हे रांगेचं गणित दवाखान्याला लावून बघू. तिथे डॉक्टरांना एका रुग्णामागे सरासरी दहा मिनिटं लागतात असं धरू. म्हणजे तासाला सहा रुग्ण ही त्यांची कमाल. रुग्णांचं येणं आणि तपासणीचा वेळ, दोन्ही अनियमित. तासाला तीन रुग्ण आले, तर डॉक्टर निम्मा वेळ मोकळे असूनही आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत रुग्णाची सरासरी वीस मिनिटं जातात. तासाला पाच आले तर एक तास. साडेपाच आले तर दोन तास. फक्त अर्धा रुग्ण वाढला आणि वेळ दुप्पट झाला! तासाला 5.9 रुग्ण आले तर हिशेब दहा तासांवर जातो. डॉक्टरांचा तपासायचा वेग मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच आहे.

सर्व्हरचा प्रोसेसर, डिस्क, डेटाबेस यांना हेच लागू पडतं. सोमवारी झकास चालणारी साइट मंगळवारी दहा टक्के जास्त गर्दीत का कोलमडते, याचं उत्तर इथे आहे. यंत्र नव्वद टक्के वापरात असलं की पैसे वसूल झाले असं हिशेबनीसाला वाटतं. ते यंत्र कड्याच्या टोकाशी उभं आहे, हे त्याच्या तक्त्यात दिसत नाही.

दुसरं सूत्र आणखी साधं. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये ते सिद्ध केलं: दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, म्हणजे एका क्षणी आत असलेल्या विनंत्या. सेकंदाला 200 विनंत्या, प्रत्येकीला अर्धा सेकंद, तर आत सरासरी 100. आता डेटाबेस मंदावला आणि अर्ध्या सेकंदाचे दोन सेकंद झाले, तर आत 400 लागणार. पण अपाची हा लोकप्रिय वेब सर्व्हर त्याच्या पारंपरिक पद्धतीत, मुद्दाम बदल केला नाही तर, एका वेळी 256 विनंत्याच हाताळतो. बाकीच्या दाराबाहेर. गंमत अशी की या वेळी प्रोसेसर जवळपास रिकामा असतो, कारण आतल्या सगळ्या 256 विनंत्या डेटाबेसकडे डोळे लावून बसलेल्या असतात. अशा वेळी जास्त ताकदीचा प्रोसेसर विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. हा प्रकार मी समजतो त्याहून कमी घडत असेल, तर आनंदच आहे.

लिनक्सवरचा ‘लोड अ‍ॅव्हरेज’ (चालू असलेल्या आणि ताटकळणाऱ्या प्रक्रियांची सरासरी संख्या) हा आकडाही असाच चकवतो. 1993 पासून त्यात डिस्कची वाट बघणाऱ्या प्रक्रियाही धरल्या जातात. त्यामुळे लोड चाळीसवर गेला म्हणजे प्रोसेसर घामाघूम झालाय, असं मुळीच नाही.

हेल्थकेअर डॉट गव्हची सुटका करायला ऑक्टोबरात जी तुकडी आली, तिच्यात गूगलमधून रजा घेऊन आलेला मायकी डिकरसन हा अभियंता होता. साइटची अवस्था एका नजरेत सांगेल असा मोजमापाचा फलकच तिथे नव्हता, तो आधी उभा केला गेला. डिकरसनच्या बैठकीत हुद्द्याने मोठा माणूस बोलणार नाही, ज्याला त्या विषयातलं कळतं तो बोलेल, असा नियम होता. (आपल्या कित्येक कार्यालयांत एवढा एक नियम लावला, तर निम्मे सर्व्हर सुधारतील.)

मोजायला लागल्यावर अडणाऱ्या जागा दिसू लागल्या. नुसते विम्याचे दर बघायला आलेल्या माणसालाही आधी खातं उघडायला लावलं होतं, त्यामुळे सगळी गर्दी त्या एका अरुंद दारात तुंबली. पुन:पुन्हा लागणारी माहिती दर वेळी डेटाबेसकडून मागवली जात होती. ती कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या स्मृतीत ठेवल्यावर पान उघडायचा वेळ आठ सेकंदांवरून दोनवर आला. यात जादू नाही. संगणकाच्या रॅममधून माहिती यायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवरून सुमारे 10 मिलिसेकंद. फरक एक लाख पटींचा. डिसेंबरात त्यांनी आणखी एक शहाणपणाचं काम केलं: क्षमतेबाहेर गर्दी झाली की नव्या लोकांना आत न घेता थांबवायचं आणि ईमेल पत्ता घेऊन नंतर बोलवायचं. आत घेऊन सगळ्यांनाच रखडवण्यापेक्षा हे बरं.

दोष नेहमी सर्व्हरचाच असतो असंही नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा अंदाजे 13,000 किलोमीटर धरला, तर एका हेलपाट्याला किमान 130 मिलिसेकंद लागणार, ते कोणालाही टाळता येणार नाहीत. जुन्या पद्धतीच्या सुरक्षित जोडणीत पानाचं पहिलं अक्षर येण्याआधी असे चार हेलपाटे होतात. म्हणजे अर्धा सेकंद इथेच गेला.

आणि सरासरीवर फार विश्वास ठेवू नये. जेफ डीन आणि लुइझ बारोसो या गूगलच्या दोघांनी 2013 मध्ये एक साधा हिशेब मांडला होता. एक सर्व्हर शंभरातून एकदाच रेंगाळतो, पण तुमचं पान तयार व्हायला शंभर सर्व्हरांची उत्तरं लागतात. मग 63 टक्के लोकांना पान रेंगाळलेलंच दिसेल. प्रत्येक सर्व्हरचा अहवाल मात्र उत्तम!

उरला प्रश्न आपल्या बोटांचा. 28 एप्रिल 2021 ला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सगळ्यांसाठी ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावर कोविड लसीची नोंदणी खुली झाली, तेव्हा सुरुवातीला मिनिटाला 27 लाख विनंत्या येत होत्या. ओटीपी येत नाही म्हणून लोक पुन्हा मागवत होते. अशा वेळी प्रत्येक रीलोड ही रांगेत नव्याने उभी राहिलेली विनंती असते. जुनी विनंती बऱ्याचदा तशीच आत राहते, आणि तिचं उत्तर घ्यायला कोणी उरलेलं नसतं. नीट लिहिलेलं अ‍ॅप उत्तर मिळालं नाही तर एक सेकंद थांबतं, मग दोन, मग चार. त्यातही थोडी यादृच्छिक भर घालतं, नाहीतर सगळे फोन एकाच क्षणी परत येतील. माणसांना मात्र असं काही बसवता येत नाही. दहावीचा निकाल एक वाजता लागणार असेल तर दीड वाजता बघा, एवढंच सांगता येतं. ते ऐकणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही, आणि त्याची आई तर नाहीच.