बी एवढंसं, पकड जबरी!

झाडावरच राहून गेलेली, वाळून खडखडीत झालेली शेवग्याची शेंग फोडून बघा. आत तपकिरी बिया आणि प्रत्येकीला कागदासारखे तीन पातळ पंख. पंख खुडायचे, टरफल नखाने सोलायचं, की पांढराशुभ्र, तेलकट गर हाती येतो. हाच गर पाण्यातलं कॅडमियम धरून ठेवतो! आग्र्याच्या दयालबाग शिक्षणसंस्थेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये हे मोजून दाखवलं. 200 मिलिलिटर पाणी घेतलं, त्यात लिटरला 25 मिलिग्रॅम या हिशोबाने कॅडमियम, आणि वर 4 ग्रॅम बियांची पूड. 40 मिनिटांत 85 टक्के कॅडमियम पाण्यातून निघून पुडीला जाऊन चिकटलं.

वाचून हरखायला होतं. पण लगेच शेवग्याखाली हंडा नेऊन ठेवू नका, आधी हिशोब पुरा करू. उरलेले 15 टक्के म्हणजे लिटरला जवळजवळ पावणेचार मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला चालतं फक्त 0.003 मिलिग्रॅम. म्हणजे 85 टक्के काढूनही पाणी मर्यादेच्या हजारपटीहून जास्त विषारीच राहिलं! हे प्रयोग कारखान्याच्या सांडपाण्याचा भार हलका करण्याच्या दिशेने बघायचे. टक्केवारीला भुलून कुणी असं पाणी पिऊ नये, हे अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

बी धातू पकडतं कसं?

शिसं, कॅडमियम, निकेल, तांबं पाण्यात विरघळले की त्यांचे धन विद्युतभार असलेले आयन होतात. बियांमधल्या प्रथिनांवर आणि तंतूंवर या आयनांना धरणाऱ्या रासायनिक जागा असतात. तिथे आधीपासून बसलेले हायड्रोजन, कॅल्शियम हलतात आणि धातू जागा पटकावतो. पाणी फार आंबट, म्हणजे आम्लधर्मी असलं, तर हायड्रोजनचीच इतकी गर्दी होते की धातूला शिरकावच मिळत नाही. दयालबागेतलं पाणी म्हणूनच साधारण उदासीन, 6.5 सामूचं ठेवलं होतं.

आणि इथेच एक धमाल अपवाद. इलेक्ट्रोप्लेटिंग आणि चामडं कमावण्याच्या कारखान्यांचा बदनाम सोबती म्हणजे क्रोमियम. त्याचं सगळ्यांत घातक, षट्संयुजी रूप पाण्यात ऋणभारित असतं. त्यामुळे त्याचा सगळा कारभार उलटा! आंबट पाण्यात ते बियांना जास्त चिकटतं. पिलानीच्या बिट्समधल्या संशोधकांनी 2009 मध्ये यासाठी निवडले चक्क चिंचोके. हो, सारीपाटासारख्या खेळांत फोडून वापरतो तेच. चिंचोक्याची खळ घोंगडीला देतात, कापडगिरण्यांतही सुताला कांजी म्हणून ती चालते. क्रोमियम पकडणं हा या चिंचोक्याचा नवा धंदा.

निवळी

माठात गढूळ पाणी असेल तर निवळीचं बी माठाच्या आतल्या अंगाला घासायचं आणि पाणी स्थिर राहू द्यायचं, ही आपल्याकडची फार जुनी युक्ती. सुश्रुतसंहितेत आणि मनुस्मृतीतही या झाडाच्या गुणाचा उल्लेख सापडतो, तिथे त्याचं नाव कतक. 2012 मध्ये हैदराबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी याच बियांतली प्रथिनं वेगळी काढून ती कॅडमियमला कशी बांधून ठेवतात हे तपासलं. इतक्या जुन्या युक्तीचा आजच्या प्रदूषणाशी थेट संबंध लागतो, याचा मला मनापासून आनंद होतो.

मात्र निवळीचा सख्खा भाऊबंद म्हणजे कोकणातला काजरा, ज्याला कुचला म्हणतात. त्याच्या बीत स्ट्रिक्निन हे जीवघेणं विष असतं. रानातून कुठलंही गोल, चपटं बी उचलून माठात टाकण्याचं धाडस म्हणूनच कुणी करायचं नाही.

सुदानच्या बायकांची प्रयोगशाळा

शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा, पण त्याच्या बियांनी नाव काढलं ते नाईलच्या काठी. पुराचं लालसर, चिखलाचं पाणी सुदानमधल्या खेड्यांतल्या बायका शेवग्याच्या बियांनी निवळून घेत. जर्मन संशोधक सामिया अल् अझारिया यान यांनी 1970 च्या दशकापासून त्यांची पद्धत बारकाईने नोंदली. बिया कुटायच्या, थोड्या पाण्यात कालवून ते दुधासारखं पाणी गढूळ पाण्यात घालायचं. आधी भराभर ढवळायचं, मग पाच-दहा मिनिटं संथपणे, आणि तासभर हात लावायचा नाही. फार गढूळ पाणी असेल तर लिटरला साधारण एक बी, हा ढोबळ अंदाज. बीतलं प्रथिन धनभारित आणि मातीचे कण ऋणभारित. दोघं एकमेकांना धरून बसतात, गुठळ्या होतात आणि तळाशी जातात. त्यांच्याबरोबर बरेचसे जीवाणूही खाली बसतात. मलावीतल्या थ्योलो इथे तर 1990 च्या दशकात जलशुद्धीकरण केंद्राच्या पातळीवर याची चाचणी झाली.

बियांतलं तेल काढून घेतलं तरी उरलेली पेंड पाणी निवळतेच! या तेलाला बेन ऑइल म्हणतात आणि एके काळी घड्याळजी नाजूक यंत्रांच्या वंगणासाठी ते वापरत. तेल विकायचं आणि पेंड पाण्यासाठी ठेवायची, असा दुहेरी फायदा.

अडचण एकच, पण मोठी. बियांतले इतर सेंद्रिय पदार्थ पाण्यात राहतात, त्यावर जंतू पोसतात आणि एका दिवसात पाण्याला वास यायला लागतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या चमूने 2012 मध्ये यावर झकास तोड मांडली. बियांचा अर्क वाळूवर ओतायचा. कामाचं प्रथिन वाळूच्या कणांना चिकटून बसतं, बाकीचं धुऊन टाकायचं. वाळू ऋणभारित, प्रथिन धनभारित, म्हणून ही सोयरीक पक्की जमते.

पपई, मेथी आणि पीचच्या आठोळ्या

पपई चिरल्यावर चमच्याने खरवडून फेकतो त्या काळ्या बिया नायजेरियातल्या संशोधकांनी पांढऱ्या चिकणमातीत मिसळून भाजल्या. 2013 मध्ये त्यांनी जाहीर केलेलं हे मिश्रण नुसत्या मातीपेक्षा कितीतरी जास्त शिसं आणि कॅडमियम धरतं.

भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीतपणाही वाया जात नाही. टेक्सासच्या टार्लटन स्टेट युनिव्हर्सिटीत मेथी आणि भेंडीच्या चिकट द्रव्याने पाण्यातले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण गोळा करून दाखवले आहेत. मेथीची कामगिरी भूजलात जास्त चांगली, भेंडीची समुद्राच्या पाण्यात.

पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, अमेरिकेत लोकांना पीचच्या आठोळ्या जपून ठेवायचं आवाहन झालं होतं. त्या जाळून केलेला कोळसा विषारी वायू शोषून घेई आणि सैनिकांच्या मुखवट्यात जाई. सुमारे 200 आठोळ्यांत एक मुखवटा! आजच्या घरगुती फिल्टरमधला कोळसा बहुतेकदा नारळाच्या करवंटीचा असतो.

शिसं गेलं, पण गेलं कुठे?

धातू काही नाहीसा होत नाही, तो फक्त पाण्यातून पुडीत जातो. म्हणून ही पूड ना खत म्हणून झाडाला घालायची, ना गुरांपुढे टाकायची, ना परसात फेकायची. सौम्य आम्लाने धुतली तर शिसं, कॅडमियम पुन्हा सुटं होतं आणि पूड आणखी काही वेळा वापरता येते. पण ते आम्लाचं पाणी घातक कचरा म्हणूनच हाताळावं लागतं. या कामाची जागा प्रयोगशाळेत आणि कारखान्यात, स्वयंपाकघरात नव्हे.

घरातल्या पाण्याबद्दल शंका असेल तर उकळून उपयोग नाही. वाफ जाते, धातू मागे राहतो, उलट थोडा दाटच होतो. निवळशंख दिसणाऱ्या पाण्यातही शिसं असू शकतं, ना त्याचा रंग दिसतो, ना चव कळते. विहीर किंवा बोअरचं पाणी असेल तर नमुना पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यायचा आणि जड धातूंची तपासणी हवी, असं मुद्दाम सांगायचं. नेहमीच्या तपासणीत ते धातू येतीलच असं नाही.